माझ्या बाजूपुरता

घरातल्या सगळ्या गाद्या सासऱ्यांनी निवडलेल्या, फळीसारख्या कडक. "पाठीला चांगलं असतं," हा त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सुनेचं अंग रोज सकाळी ठेचल्यासारखं दुखायचं, म्हणून तिने गादीवर अंथरायला फोमचा मऊ टॉपर घ्यायचं ठरवलं. तर हिला आवरायला सासऱ्यांनी सासूबाईंना सोबत धाडलं.

दुकानात शिरल्या शिरल्या सासूबाईंनी नाक मुरडलं. "यात माणूस रुततो गं. थांब, दाखवतेच तुला," म्हणत त्या टॉपरवर आडव्या झाल्या. आणि डोळे मिटून तशाच पडून राहिल्या.

"आई, काय होतंय?" सून घाबरली.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन वाजला. सासऱ्यांचा आवाज सुनेलाही ऐकू आला. "घेऊ दिलं नाहीस ना तिला?"

"दोन घेतेय," सासूबाई पडल्या पडल्याच म्हणाल्या. "एक तिचा. आणि एक आपल्या पलंगाला, माझ्या बाजूपुरता कापून."

"अगं, कडक गादी पाठीला चांगली असते!"

"तुमच्या पाठीला असेल. माझ्या पाठीला कधी विचारलंत?"