चषकाची फेरी

गल्लीच्या तोंडाशी कसोंडेने ट्रकच्या टपावर दोन थापा मारल्या. दर वर्षी तो इथेच थापा मारायचा आणि ट्रक बाजाराकडे वळायचा. या वर्षी ड्रायव्हर नवा होता आणि ढोल जोरात होते. ट्रक सरळ गल्लीत शिरला.

"लुफुमा रेंजर्स!" मुताले माइकवर ओरडत होता. "तीन वेळा लीग! आणि लुसाकात जाऊन, राजधानीवाल्यांना त्यांच्याच मैदानात पाणी पाजून आणलेला हा चषक! गोल कुणाचा?"

"कसोंडेचा!" गल्ली ओरडली.

म्हातारा कसोंडे चषक पोटाशी धरून ट्रकमध्ये उभा होता. शेवटचं मिनिट, डोक्याने मारलेला चेंडू... मुतालेला सगळं तोंडपाठ होतं. तेव्हा तो जन्मलाही नव्हता. चषकाच्या दिवशी ट्रक घरापुढे थांबला, की घरचे चषकात मुंकोयो ओतत, मक्याचं ते आंबटगोड पेय, आणि एकेक घोट घेत. सकाळपासून अर्ध्या वस्तीचे ओठ चषकाला लागले होते.

"आजोबा, बसा की जरा," मुताले म्हणाला. "गोल मारून झालाय. आज परत मारायचा नाहीये."

कसोंडे समोरच्या निळ्या फाटकाकडे बघत होता.

क्लब तांब्याच्या खाणीचा, खेळाडूही खाणीतलेच. सामन्याच्या दिवशी खेळाडूच्या जागी दुसरा कुणीतरी खाली उतरायचा, आणि तो माणूस खेळाडूने स्वतःच गाठायचा, अशी रीत होती. फायनलच्या वेळी कसोंडेने येलेसानी झिंबाला गाठलं होतं. झिंबाची त्या दिवशी सुट्टी होती. दुपारी खाणीत छत कोसळलं; झिंबा वर आलाच नाही. संध्याकाळी लुसाकात लोक कसोंडेला खांद्यावर घेऊन नाचत होते.

फाटक उघडलं. झिंबाची बायको बाहेर आली. डोक्यावर भरलेली बादली होती.

"थांबव रे तो ट्रक!" ती म्हणाली. "आज माकडखाऊ सापडला!"

गल्ली खदखदून हसली. कसोंडे बेम्बा, ती पूर्वेकडची. या दोन जमातींचं नातंच थट्टेचं. मयताच्या घरीसुद्धा त्यांचे टोमणे चालतात; उलट उत्तर न देणं हाच अपमान. कसोंडेने नुसतं 'उंदीरखाऊ' म्हटलं असतं तरी भागलं असतं. लोक वाट बघत होते.

"मलिताच्या आई..." कसोंडे म्हणाला आणि थांबला.

"बघा, बोलतच नाही! माकडाचं हाड अडकलं वाटतं घशात." तिने बादली खाली ठेवली. "दर वर्षी मुंकोयो करते मी. दर वर्षी तुमचे ढोल कोपऱ्यावरून माघारी जातात. मग काय, शेजाऱ्यांची चंगळ."

"मी यंदाही भांडं घेऊनच आलेय," शेजारीण म्हणाली.

पुन्हा हशा पिकला. कसोंडे ट्रकमधून उतरू लागला. मुतालेने हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही. या बाईशी काय बोलायचं ते त्याने वर्षानुवर्षं मनात जुळवून ठेवलं होतं. त्याने दोन्ही हातांनी चषक पुढे केला.

"धर नीट."

तिने सुक्या भोपळ्याचा तुंबा बादलीत बुडवला, काठोकाठ भरून घेतला आणि चषकात ओतू लागली. चषक भरला. मुंकोयो काठावरून ओघळून कसोंडेच्या बोटांवर आलं, तेव्हा कुठे तिने हात आवरला. तुंब्यात अजून बरंच शिल्लक होतं.

ढोल थांबले होते. तिने चषकाभोवती एकदा बोटं फिरवली आणि पायापाशी ठेवलेल्या बादलीकडे पाहिलं.

"एवढाच आहे हा?" ती म्हणाली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "मला वाटायचं, बादलीभर तरी मावेल."