मागच्या रांगेतली

“हेही नको,” जहाजावरचा स्वयंपाकी म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी हातातला माऊस आपटलाच. त्या काही खऱ्या डॉक्टर नव्हत्या. मरायला टेकलेल्या डिस्क त्यांच्या दुकानात जिवंत होतात, म्हणून शेजारच्या दुकानदारांनी हे नाव चिकटवलं होतं. पण माणसांच्या हट्टावर त्यांच्याकडे औषध नव्हतं. सकाळपासून सिनेमे लहान करणारं हे दुसरं सॉफ्टवेअर नापास झालं होतं.

“अहो, काय वाईट आहे यात? हिरोच्या मिशीचा केसन्‌केस मोजून घ्या.”

“हिरो नको मला. मागे बघा.”

मागे बाजार भरला होता. त्यातल्या माणसांना चेहरेच उरले नव्हते, नुसते पिठाचे गोळे. सिनेमा पिळून लहान करणारी सॉफ्टवेअर अशीच लबाड असतात. पुढच्याला सांभाळतात आणि मागच्यांच्या तोंडाला पानं पुसतात.

डिस्क अकरा होत्या, आणि अकराही सिनेमे एकापेक्षा एक टुकार. डिस्कवरचा थर सुटत चालला होता. आणखी चार-पाचदा वाचल्या गेल्या असत्या, मग संपलं. स्वयंपाक्याचं जहाज उद्या सुटणार होतं, ते आठ महिन्यांसाठी. सोबत न्यायला एक जुना टॅबलेट होता आणि त्यात टेबलावरच्या मेमरी कार्डापेक्षा मोठं कार्ड बसत नव्हतं.

“जशीच्या तशी नक्कल करणारं एक आहे,” त्या म्हणाल्या. “पण मग चारच सिनेमे मावतील. बाकीच्या सातांवर पाणी सोडा.”

“नाही!” तो इतक्या जोरात म्हणाला, की स्वतःच ओशाळला. “माफ करा, ताई. आई आहे माझी त्यात. गर्दीत काम करायची. मागे उभी राहायची.”

डॉक्टरीणबाईंचा राग कुठल्या कुठे गेला. आधी सांगायला काय झालं होतं या माणसाला!

“घरी फोटो नाही त्यांचा?”

“एकही नाही. मामा जायच्या आधी या सिनेमांची नावं लिहून देऊन गेला. तेवढंच.”

हातातोंडाची गाठ पडायची मारामार, तिथे फोटो कोण काढणार, असं त्या मनाशी म्हणाल्या. त्यांची स्वतःची आई मागच्या वर्षी गेली होती. तिचे फोटो बंद पडलेल्या मोबाईलमध्ये होते, आणि तो मोबाईल याच टेबलाच्या खणात पडून होता. दिव्याखाली अंधार. लोकांच्या आठवणी वाचवणाऱ्या बाईंना तेवढा एक मोबाईल उघडायचा धीर होत नव्हता.

त्यांनी खुर्ची ओढून त्याला शेजारी बसवलं आणि मूळ डिस्क लावली. बाजार पुन्हा भरला, या वेळी चेहऱ्यांसकट. स्वयंपाकी पुढे सरकला. त्याचं बोट हंडा घेतलेल्या बाईवर थांबलं. मग पुढच्या दृश्यात दारात उभ्या असलेल्या बाईवर. मग त्याच्याही पुढच्या दृश्यात टोपली उचलणाऱ्या बाईवर.

एका दिवसात किती वेळा साडी बदलून उभं केलं असेल बिचारीला, असं वाटून डॉक्टरीणबाईंना भरून आलं. त्यांनी त्याला हवा तितका वेळ बघू दिलं, आणि बघता बघता त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

“अहो, सोपं आहे! दोन्ही सॉफ्टवेअर वापरू. आई दिसते तेवढे तुकडे जसेच्या तसे ठेवते, बाकी सिनेमा पिळून टाकते. अकराच्या अकरा मावतील. आईच्या चेहऱ्याला धक्का लागणार नाही, माझा शब्द आहे.”

“खरंच होईल असं?”

“का नाही होणार? तुम्ही फक्त बोट ठेवा, मी वेळ लिहून घेते.” त्यांनी वही ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि चित्र थांबवलं. “हं, सांगा. यातली आई कोणती?”

स्वयंपाकी पडद्याकडे बघत राहिला. टोपलीवाली, आणि तिच्याही मागे आणखी वीस-पंचवीस बायका.

“तिचा चेहरा ठाऊक असता, ताई,” तो म्हणाला, “तर अकरा सिनेमे कशाला घेऊन आलो असतो?”