पेला भरून

बालवाडीत सरकारी दूध सुरू झालं, तसं मी घरी लेकीचं दूध बंद केलं. म्हटलं, तेवढंच आजारी सासऱ्यांना जास्तीचं मिळेल. रोज संध्याकाळी शिलाईच्या कारखान्यातून आले की चपला काढायच्या आधी तिला विचारायचे, "दूध मिळालं का गं?" एरवी पोरीचं एक वाक्य धड संपत नाही, मध्येच मांजर येतं, मध्येच कावळा. पण हा प्रश्न आला की ती हात मागे बांधून ताठ उभी राहायची आणि खणखणीत सांगायची, "हो, रोज मिळतं, पेला भरून!"

मी खूश. बालवाडीच्या बाईंनी पोरीला काय सुरेख बोलायला शिकवलंय!

थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "पोर वाळत चाललीय गं. एकदा जाऊन बघ तरी." मी फणकाऱ्यानं म्हटलं, "खोटं मोठी माणसं बोलतात, जाऊबाई. एवढंसं लेकरू नाही बोलत."

काल कारखान्यातली वीज गेली, म्हणून लेकीला न्यायला मीच लवकर पोचले. बालवाडीच्या दारात सरकारी गाडी उभी होती. खिडकीतून पाहिलं, तर तपासणीला आलेल्या मॅडम मुलांसमोर उकिडव्या बसून मायेनं विचारत होत्या, "बाळांनो, दूध मिळतं का रे?" त्यांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या बाईंनी हळूच बोट वर केलं.



सगळा वर्ग हात मागे बांधून ताठ उभा राहिला, "हो, रोज मिळतं, पेला भरून!"