फ्लेक्सवरची कडी

"फोटो मोठा हवा. माझा," खरवडे सरांनी बजावलं. पहिलीला वीस पोरं मिळाली नाहीत, तर वर्गच बंद होणार होता, आणि मुख्याध्यापक असलेल्या सरांची सगळी भिस्त आठ फुटी फ्लेक्सवर होती.

"सर, पण लोक पोरं का पाठवत नाहीत, ते आधी विचारूया ना!" नववीतल्या शलाकाने तोंड घातलंच. वर्ग बंद झाला असता तर यंदा पहिलीत जाणाऱ्या तिच्या धाकट्या बहिणीला, चिमीला, घाटाखालच्या शाळेत जावं लागलं असतं.

"विचारायचं काय त्यात? शाळेचं नाव घरोघरी पोचलं की झालं."

रविवारी शलाका वही घेऊन चाळीस घरं फिरली आणि नऊ कप चहा प्यायली. सोमवारी तिने शिक्षकांसमोर वही खणखणीत आवाजात वाचली. "शाळेचं नाव सगळ्यांना माहीत आहे, सर. सव्वीस आया म्हणतात, मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. पोरी दिवसभर दाबून धरतात."

सरांचे कान लाल झाले. "हे काय फ्लेक्सवर छापायचं?"

"छापायचंच! पण आधी बसवायची."

जूनमध्ये फ्लेक्सवर चकचकीत कडी झळकली. फोटोत ती लावणारा हात तेवढा सरांचा होता. तेवढ्यावरच त्यांची बोळवण झाली होती. प्रवेशाच्या दिवशी एकेक आई आधी संडासात जाऊन कडी लावून बघायची आणि मगच अर्जावर सही करायची. सर लांब व्हरांड्यात उभे राहून खटके मोजत होते. एकोणिसावा झाला आणि सगळं शांत झालं.

मग विसावा खटका वाजला आणि आतून चिमी किंचाळली, "ताई, कडी लागते गं!"