यूच्या झाडाकडची वाट

"तू इथूनच परत जा," म्यूरिएलनं डेनिसला कुंपणापाशी थांबवलं. "तो अधिकारी येईल एवढ्यात."

"येऊ दे की! सांगतो त्याला, चाळीस वर्षं ह्या शेतातून जातोय, कुणाच्या बापाला विचारलं नाही."

"तेच नकोय मला. एक वाक्य बोलशील आणि सगळ्या कामाची माती करशील."

डेनिस खो खो हसला. शेजारी म्हणून माणूस लाखमोलाचा, पण तोंडाला कुलूप नाही, हे सगळ्या हॅलबरी गावाला ठाऊक होतं. "बरं बाई, तू राजाच्या दरबारात जाऊन ये. मी पबात बसतो," असं म्हणून तो चिखल तुडवत माघारी गेला.

म्यूरिएलनं कापडी पिशवी छातीशी धरली. वय अठ्ठ्याहत्तर, एक खुबा बदललेला, दुसरा कुरकुरणारा. तरी आज ती चालणार होती.

काउंटीच्या पायवाटा बघणारा अधिकारी मिस्टर ओकडेन आला तो वेळेवर. तरुण, काटकुळा, हातात टेप. मागून क्रॅडक आला, ह्या रानाच्या नव्या मालकाचा कारभारी. सप्टेंबरात ह्यानंच वाटेवर काटेरी तार ओढली होती, म्हणून ही वाट लोकांची ठरवावी असा अर्ज गावानं काउंटीकडे केला होता. आजच्यापुरती ती त्यानं सोडवून बाजूला केली आणि कुणाकडे न बघता पुढं झाला.

दोन शेतं ओलांडली, ओढ्यावरची फळी ओलांडली, की जुनं स्केलथॉर्प. सहाशे वर्षांपूर्वी ते गाव उठलं, ते पुन्हा बसलंच नाही. आता गवताखाली घरांचे उंचवटे, मधून गेलेली खोलगट गल्ली, चर्चची एक भिंत आणि तिला टेकलेलं यूचं म्हातारं झाड. म्यूरिएलचा नवरा क्लिफर्ड दर रविवारी फिरायला येणाऱ्यांना घेऊन इथं यायचा. "जरा सरका," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "तुम्ही कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभे आहात."

चार वर्षांपूर्वी त्याची राख तिनं त्या झाडाखाली पसरली. तिथं जायला दुसरी वाट नव्हती. तीन बाजूंनी ओढा आणि चौथीकडे मालकाचं रान. पाच महिने ती तारेपाशी येऊन, काठी टेकून उभी राहायची आणि परत जायची. आज निकाल विरुद्ध गेला तर जन्मभर तसंच परत जायचं होतं. तिच्या वयाला जन्मभर म्हणजे फार नव्हे, पण तेवढंही तिला सोसवणार नव्हतं.

ओकडेन जागोजागी वाकून रुंदी मोजत होता, वहीत आकडे टिपत होता.

"पूर्वी कुणी अडवलं होतं?"

"कधीच नाही. सप्टेंबरपर्यंत."

"फाटकाला कुलूप?"

"नव्हतं. हे बघा, मी काही कागद आणलेत..."

"आज नवीन कागद राहू द्या, मिसेस थ्रॉसेल," तो घाईनं म्हणाला. "सव्वीस जणांचे जबाब आहेत माझ्याकडे. पुरेसे आहेत."

म्यूरिएलला राग आला. दोन आठवडे क्लिफर्डच्या अवजारांच्या खोलीत कोळिष्टकं खात तिनं शोध घेतला होता, आणि ह्या पोराला पिशवीत डोकवायचाही कंटाळा! जबाब काय, डेनिसनंही दिला असेल.

झाड आलं. ती बुंध्यापाशी उभी राहिली. जमिनीवर झाडाची वाळकी, सुईसारखी पानं पडलेली होती, एवढंच. बोलायचं पुष्कळ साठलं होतं, पण दोन परक्या माणसांपुढं काय बोलणार?

"जागा झकास आहे," क्रॅडक मागून म्हणाला. "म्हणूनच लोक दुसऱ्याच्या रानात खुशाल घुसतात. मी तुमच्या बागेतून रोज फेरी मारली तर चालेल का हो?"

"मिस्टर क्रॅडक," ओकडेननं त्याला थांबवलं.

"खरं तेच बोलतोय. घुसखोरी ती घुसखोरी. पुढारी तर ह्यांचे मिस्टरच होते म्हणे. वीसेक वर्षं दर रविवारी टोळी घेऊन!"

म्यूरिएलनं पिशवीत हात घातला. क्लिफर्डनं उभ्या आयुष्यात परक्या झाडाचं सफरचंद उचललं नव्हतं. त्याच्याच राखेवर उभा राहून हा माणूस त्याला चोर म्हणत होता.

"मिसेस थ्रॉसेल, नको," ओकडेन म्हणाला. पण तिनं पिशवीतला गठ्ठा काढून क्रॅडकच्या हातात कोंबला होता.

"वाचा! बावीस वर्षांची पत्रं आहेत. दर जानेवारीत माझा नवरा जुन्या मालकांकडे जायचा, मेजरसाहेबांकडे. सगळ्या गावाच्या आणि फिरायला येणाऱ्यांच्या वतीनं परवानगी मागायचा. आणि दरवर्षी त्यांचं सहीनिशी उत्तर यायचं, 'ह्याही वर्षी जायला हरकत नाही.' घुसखोर म्हणे! विचारल्याशिवाय ह्या गवतावर पाऊल टाकलं नाही आम्ही!"

क्रॅडकनं एक पत्र वाचलं. दुसरं वाचलं. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "माफ करा, मॅडम," तो मऊ आवाजात म्हणाला. "माझी चूक झाली. ह्यांच्या प्रती मिळतील का मला?"

"खुशाल घ्या," म्यूरिएल म्हणाली. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिला पोटभर श्वास घेता आला. तिनं यूच्या खोडावर हात ठेवला. जिंकलो रे आपण, ती मनात म्हणाली.

ओकडेन चर्चच्या भिंतीच्या दगडावर बसला होता. टेप त्याच्या हातात तशीच लोंबत होती.

"काय झालं?" तिनं विचारलं. "ह्याहून पक्का पुरावा कुठला असतो?"

"बाई," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "लोक वीस वर्षं उघडपणे, कुणालाही न विचारता चालले, तर वाट लोकांची होते. परवानगी मागून चालले, तर ती मालकाची मेहेरबानी. मालकाला वाटेल तेव्हा बंद." त्यानं टेप गुंडाळायला घेतली. "निकाल मी कालच लिहिला होता. तुमच्या बाजूनं."