अठ्ठ्याण्णव टक्के जुळणी

नांदेडच्या चाचणी केंद्रात उत्कर्षा जेमतेम अर्धा तास डोळे मिटून खुर्चीत पडली होती. तेवढ्यात ती यंत्राने डोक्यात उभ्या केलेल्या पुण्यातल्या एका नामांकित आर्किटेक्चर कॉलेजात पाचही वर्षं राहून आली. जागं झाल्यावर त्यातलं काहीएक आठवत नाही, असं समुपदेशक बाईंनी तिच्या वडिलांना, भास्करला, आधीच सांगून ठेवलं होतं.

"अभिनंदन!" बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. "विषय झेपतोय, फी स्कॉलरशिपमध्ये बसतेय. आणि तिथल्या वातावरणाशी जुळणी म्हणाल तर अठ्ठ्याण्णव टक्के! सुरुवातीला जरा जड गेलं, मेसमध्ये एकटीच जेवायची. मग शिकली आणि छान मिसळून गेली."

"काय शिकली?"

"ते यंत्र सांगत नाही हो. निकाल तेवढा देतं."

उत्कर्षा हसतच बाहेर आली, तेव्हा कुठे भास्करचा जीव भांड्यात पडला. दोघं प्रवेशाच्या खिडकीशी गेले. आतल्या माणसाने नाव विचारलं.

पोरगी बोलायला लागली तेव्हापासून भास्करने तिला एक गोष्ट घोटून शिकवली होती. नाव विचारलं की मान वर करून, आडनावासकट सांगायचं. शाळेत बक्षीस घेतानाही ती माइकवर ठणकावून सांगायची, उत्कर्षा भास्कर सोनकांबळे.

"उत्कर्षा भास्कर," ती म्हणाली.

"आडनाव?"

तिने मागे रांगेत कोण उभं आहे ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मी एवढंच लावते."