फुलाफुलांची तार

"साहेब, ही तार तुटलेली नाही. कापलेली आहे."

वायरमन डॅशबोर्डखाली उताणा पडला होता. पाय दाराबाहेर होते आणि आवाज गाडीच्या पोटातून येत होता. तपासनीस शेजारी स्टूल टाकून बसले होते. निवृत्त होऊनही गल्लीत सगळे त्यांना तपासनीसच म्हणायचे. नोकरीभर त्यांनी लोकांचे विजेचे मीटर तपासले होते. कोणी मीटरला नुसता हात लावला असला तरी त्यांना म्हणे फाटकातच वास यायचा. जुन्या गाडीतला बंद पडलेला एसी कालच निघाला होता. आज त्याच्या बिनकामाच्या तारा काढायच्या होत्या आणि वायरमनवर नजर ठेवायची होती. दुसरं काम त्यांना पहिल्यापेक्षा महत्त्वाचं वाटत होतं.

"कापलेली? कोणी? तू?"

"मी कशाला कापू? मी तर काढायलाच आलोय."

"म्हणूनच विचारतोय."

वायरमन सरपटत बाहेर आला. त्याच्या हातात एक काळी तार होती. टोकाला टेपऐवजी फुलाफुलांचं कापड गुंडाळलेलं, वर बारीक टाक्यांची शिवण.

"आमच्या धंद्यात असं कोणी करत नाही, साहेब. आम्ही टेप मारतो आणि चहाला जातो."

"ही जात होती कुठं?"

"कॉम्प्रेसरकडे. ही कापली तरी पंखा फिरतो, दिवा लागतो, वारा येतो. फक्त गार होत नाही."

तपासनीस हसले. समोरचा खोटं बोलायला लागला की ते असंच हसायचे. "अरे, सगळ्या नातेवाइकांत ही एसीची गाडी म्हणून प्रसिद्ध होती. भर उन्हात काचा बंद करून जायचो आम्ही. मागे पोरगी स्वेटर घालून बसायची."

"कापडावरची धूळ बघा," वायरमन म्हणाला. "पोरगी लहान असतानाचीच आहे."

तपासनीसांनी आधी जुन्या गॅरेजवाल्यावर संशय घेतला. तो वारला होता, त्यामुळे सोयीचा होता. मग मेव्हण्यावर घेतला. त्याने एकदा गाडी मागून नेली होती आणि तो कारण नसताना हसायचा. शेवटी साक्षीसाठी त्यांनी सासरी असलेल्या मुलीला फोन लावला.

"आपल्या गाडीतला एसी आठवतो ना? तुला मागे थंडी वाजायची ना?"

पलीकडे आधी टीव्हीचा आवाज बंद झाला.

"बाबा," मुलगी म्हणाली, "आई जवळ आहे का?"

आई जवळच होती. चहाचा ट्रे घेऊन पायरीवर उभी होती. तपासनीसांनी फोन ठेवला आणि तार पुराव्यासारखी उंच धरली. मग त्यांचं लक्ष फुलांकडे गेलं. याच फुलांचा पडदा जुन्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीला होता. हात आपोआप खाली आला.

"हे तू केलंस?"

"हो. चहा घ्या, निवतोय."

इतकी सरळ कबुली त्यांना उभ्या नोकरीत कोणी दिली नव्हती. लोक उंदरावर ढकलायचे, भाडेकरूवर ढकलायचे, एकाने तर वारलेल्या आत्यावर ढकललं होतं. कबुलीनंतर काय विचारायचं असतं, याची त्यांना सवयच नव्हती.

"तुला जमलं कसं?"

"तुम्हीच नाही का शिकवलंत? रोज जेवताना सांगायचात. कोणी कुठली तार कापली, बाहेरून कळू नये म्हणून काय केलं. मी वाढता वाढता ऐकायची."

"पण का?"

"एसी चालू असताना चढ आला की इंजिन तापायचं. मग तुम्ही तापायचात. मग पोर रडायला लागायची. या सगळ्यात कापता येण्यासारखी एकच गोष्ट होती."

"आणि मला गार वाटायचं, ते?"

"वाटायचं ना? मग झालं तर."

वायरमनने बशीत चहा ओतला आणि तो आवाज न करता प्यायची पराकाष्ठा केली.

तपासनीस स्टूलवरून उठले, गाडीभोवती फिरले, पुन्हा येऊन बसले. त्यानंतर गाडी कुठल्याही चढावर बंद पडली नव्हती, हे खरंच होतं. एसी लावून घाट चढवायचा म्हणजे गिअरवर तसा हात लागतो, हे त्यांनी कितीतरी जणांना सांगितलं होतं. ऐकणारे माना डोलवायचे. मेव्हणा तर जरा जास्तच डोलवायचा. आता बैठकीतल्या पंख्याकडे, दारावरच्या बेलकडे, त्यांच्या विनोदांना हसणाऱ्या जावयाकडे, सगळ्यांकडेच एकदा नव्याने बघणं भाग होतं.

"साहेब, ही तार पण भंगारात टाकू?" वायरमनने विचारलं.

"थांब जरा." तपासनीस बायकोकडे वळले. त्यांचा आवाज चौकशीचा राहिला नव्हता. "तू तर इतकी वर्षं माझ्या शेजारच्या सीटवर बसायचीस. काचा बंद. घामाने भिजत असशील. मला एकदाही कसं दिसलं नाही?"

तिने वायरमनच्या हातातली बशी घेतली आणि ट्रेमध्ये ठेवली.

"तुम्ही समोर बघून गाडी चालवत होतात," ती म्हणाली.